ताठा

कपाट आपणच सरकवायचं, असं मी एका शनिवारी दुपारी ठरवलं. निर्णय तसा लहान होता. कपाटही, निदान दुरून पाहिलं तर, लहानच दिसत होतं.

बायकोला तिचं शिवणाचं मशीन खिडकीपाशी, उजेडात हवं होतं आणि खिडकीपाशी आमचं लोखंडी कपाट ठाण मांडून उभं होतं. ते हातभर डावीकडे गेलं की काम भागणार होतं. "उद्या माझा भाऊ येतोय, तो सरकवेल," असं म्हणून ती भाजी आणायला बाहेर पडली. या एका वाक्यानं सगळा घोटाळा केला. माझा मेहुणा सहा फुटी आहे. तो आमच्याकडे आला की चहा व्हायच्या आत कुठलीतरी जड वस्तू उचलतो आणि "कुठं ठेवू?" म्हणून विचारतो. (एकदा त्यानं खुर्ची उचलली. खुर्चीत मी होतो, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.) बावीस वर्षं मी हे मुकाट्यानं बघत आलो आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी नोंदवून घेणारा कारकून असलो म्हणून काय झालं, दोन हात मलाही आहेत.

त्या दोन हातांनी मी कपाटाला मिठी मारली, दीर्घ श्वास घेतला आणि जोर लावला. कपाट चार बोटं सरकलं. मग माझ्या कमरेत 'कट्' असा आवाज झाला आणि मीसुद्धा सरकलो, म्हणजे वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. पुढची दहा मिनिटं मी कपाटाला तसाच धरून उभा होतो, कारण सोडलं असतं तर खाली पडलो असतो. इतक्या प्रेमानं मी त्या घरात दुसऱ्या कुणाला धरल्याचं मला आठवत नाही.

बायको परत आली तोवर मी कसाबसा भिंतीला पाठ लावून उभा राहिलो होतो.

"सरकवलंत वाटतं कपाट?" तिनं पिशवी ठेवत विचारलं.

"सरकवलं."

तिनं कपाटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा कपाटाकडे पाहिलं. "कुठं?"

"चांगलं चार बोटं गेलंय की."

"तुम्हाला काही झालं नाही ना?"

इथं खरं बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिच्या प्रश्नात मला मेहुण्याचा आवाज ऐकू आला. "मला काय होतंय?" मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं ते कपाट फोनवर बोलता बोलता एका हातानं सरकवलं. "मी काल सैल करून ठेवलं होतं," मी दारातून सांगितलं. मेहुण्यानं फोनवरचं बोलणं चालूच ठेवलं.

आता पाठ धरलेल्या माणसाला दोनच गोष्टी येतात, कण्हणं आणि ताठ राहणं. कण्हायची मला चोरी होती, म्हणून मी ताठ राहायला लागलो. खुर्चीत बसलं की उठताना जीव जायचा, म्हणून उभ्यानं जेवायला लागलो. मुलगी शिकायला बाहेरगावी असते, तिची खोली रिकामी होती. गादीवर पाठ आखडते म्हणून त्या खोलीत फरशीवर चटई टाकून झोपायला लागलो आणि "हल्ली फार उकडतं" एवढंच कारण दिलं. (दिवस थंडीचे होते.) बायकोनं मागून हाक मारली तर मान वळायची नाही, सगळा माणूस वळवावा लागायचा. दर वेळी सगळा माणूस कोण वळवणार? मी पुढं बघूनच "हं" म्हणायचो.

"हल्ली फार ताठा आलाय तुम्हाला," चौथ्या दिवशी ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. तिला ताठा दिसला होता, पाठ दिसली नव्हती. ऑफिसात तर शिपाई मला पहिल्यांदाच 'साहेब' म्हणाला. एवढंसं वाकलो असतो तर पद गेलं असतं, पण वाकता येत नव्हतं.

आठवडा झाला तरी दुखणं हटेना. शेवटी आवक-जावक सांभाळणाऱ्या सहकाऱ्यानं मला जिन्याच्या कठड्याला धरून उतरताना पकडलं. त्याची मान दोन वर्षं धरली होती आणि एका कायरोप्रॅक्टर बाईंनी ती सोडवली होती. "हातानं मणके जागेवर बसवतात. आणि सरसकट सगळ्यांना एकच औषध असलं काही नाही, प्रत्येक माणसासाठी वेगळी योजना," असं सांगून त्यानं मला नंबर दिला. त्या बाईंना तो मणकेबाई म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

त्याच संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन, दार लोटून, हळू आवाजात फोन केला. "बाई, आता सहन होत नाही हो," मी म्हणालो. "बसणं नाही, झोपणं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही एकदाचं मला मोकळं करा." मणकेबाईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. गॅलरीचं दार नीट लागत नाही, ही तक्रार बायको माझ्याकडे तीन वर्षं करत होती. त्या दिवशी दाराच्या आत ती कपड्यांना इस्त्री करत होती.

मणकेबाईंची जागा एका दवाखान्याच्या वर होती. बाहेर एक लहान टेबल, आत पडद्यामागं एक अरुंद पलंग, एवढाच पसारा. बाई स्वतः एवढ्याशा होत्या की फोन उचलायला मदतनीस ठेवलीय असं समजून मी त्यांनाच "मणकेबाई आहेत का?" असं विचारलं. त्यांनी मला चार पानांचा फॉर्म दिला. कुठल्या कुशीवर झोपता, पिशवी कुठल्या खांद्यावर, पाकीट कुठल्या खिशात, दिवसातून किती वेळ एका जागी बसता. इतक्या आस्थेनं माझी चौकशी लग्न ठरवतानाही कुणी केली नव्हती. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. "तसं असतं तर मी हात लावला नसता, आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं आणि मागून बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही फोनवर फार बोलता का? डावा खांदा वर गेलाय."

बावीस वर्षं मी डाव्या खांद्यात फोन दाबून उजव्या हातानं 'पाणी आले नाही', 'पाणी गढूळ आले', 'पाणी आले पण थांबत नाही' असं लिहून घेत आलो आहे. त्या साऱ्या गावाचं पाणी माझ्या खांद्यात मुरलं होतं आणि ते या बाईंना पाच मिनिटांत दिसलं. मला एकदम गहिवरून आलं. त्यांनी मला पलंगावर पालथं घातलं. पलंगाला तोंडापुरतं एक भोक होतं, त्यात तोंड घालायचं आणि फरशी बघत पडायचं. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. मी सोडला. एवढ्याशा त्या बाईंनी काहीतरी केलं, पुन्हा 'कट्' झालं, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मला माझी कंबर आपल्या घरची वाटली.

निघताना त्यांनी कार्ड दिलं. त्यावर वर छापलं होतं, 'समतोल केंद्र. ओझं उतरवा, मोकळे व्हा.' खाली त्यांनी हातानं लिहिलं, 'ॲडजस्टमेंट, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. सध्या वेगळे झोपणे योग्य. पुढच्या खेपेस पत्नीस सोबत आणावे, समजावून सांगू.' कार्ड मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला.

धुण्याआधी खिसे तपासायची बायकोची सवय आहे. कार्ड सापडल्याचं तिनं मला सांगितलं नाही. ते वाचून तिला काय वाटलं, ते मला पुढं समजलं. तिनं एकेक गोष्ट जोडली होती. ताठा आला, जेवण उभ्यानं, झोपणं वेगळ्या खोलीत, हाकेला मान वळत नाही, गॅलरीत जाऊन कुणा बाईला 'मला मोकळं करा' म्हणून विनवणी, आणि आता ॲडजस्टमेंट. माझ्या घरात ॲडजस्टमेंट हा शब्द मणक्यांसाठी कधी वापरलाच गेला नव्हता. तो सासू-सुनांसाठी, नवरा-बायकोसाठी असतो. तिनं त्याचा एकच अर्थ काढला. नवरा संसार मोडायच्या बेतात आहे आणि त्यासाठी त्यानं एक समुपदेशक बाई गाठली आहे.

हे मला कळलं असतं तर त्याच क्षणी मी तिच्यापुढं लोटांगण घातलं असतं. (म्हणजे प्रयत्न केला असता.) पण मला दिसलं ते वेगळंच. बायको एकाएकी अतिशय शांत झाली. गादीवर ओला टॉवेल पडलेला दिसला तरी काही बोलेना, मुकाट्यानं उचलून वाळत घाली. चहा न मागता येऊ लागला. मला वाटलं, संसार सुधारतोय. दुसऱ्या खेपेला मी मणकेबाईंना सांगितलंसुद्धा, "तुमच्या उपचारांनी घरातही फरक पडला हो." पत्नीला का नाही आणलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी ती कामात असते असं सांगून वेळ मारून नेली.

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करत होती. माझा एकच शर्ट ती चार वेळा उलगडून घडी घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

कपाटाचं हिला समजलं, असं माझ्या मनात आलं. "नाही बुवा," मी म्हणालो आणि ताठ मानेनं खोलीबाहेर गेलो.

आजही ते 'नाही बुवा' आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या खेपेला मणकेबाईंनी माझ्या कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली. "दहा मिनिटं हलायचं नाही," असं बजावून त्या पडदा ओढून बाहेर गेल्या. मी भोकात तोंड घालून फरशीकडे बघत पडलो होतो. उपचारासाठी पाठ उघडी, अंगात मागून बांधायचा डगला, त्याच्याही नाड्या सुटलेल्या. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"या, बसा. पहिल्यांदाच येताय ना?" मणकेबाईंचा आवाज.

"हो."

"त्रास किती वर्षांचा आहे?"

"बावीस."

"एवढा जुना? मग इतकी वर्षं काय केलंत?"

"ॲडजस्ट केलं."

"घरच्या घरी?"

"घरच्या घरीच करतात की सगळ्या. चार लोकांत कुणी सांगतं का?"

"इथंच लोक चुकतात. स्वतःचं स्वतः करायला गेलं की इजा होते."

"झालीच की," तो आवाज म्हणाला, आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला. मी कान टवकारले. (तेवढेच हलवायची मुभा होती.)

"सुरुवात कशी झाली? हळूहळू की एकदम?"

"आधी सगळं बरं होतं. गेल्या पंधरा दिवसांत एकदम ताठा आलाय."

"कुठं, मानेत?"

"मानेत, चालण्यात, बोलण्यात. मागून हाक मारली तर मान वळत नाही."

"झोप कशी आहे?"

"वेगळ्या खोलीत."

मणकेबाई लिहिता लिहिता थांबल्या असाव्यात. "बरं. वजन उचलता का?"

"अख्खं घर मीच उचलते."

"काळजी करू नका. चार-पाच वेळा या, मी मोकळं करून देते."

"तेच विचारायला आलेय मी," बायको म्हणाली, आणि आता ती बायकोच होती याबद्दल शंका उरली नव्हती. "मोकळं करायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी. मी ॲडजस्ट करायला तयार आहे, बाई. काय काय करायचं ते लिहूनसुद्धा आणलंय. पण जो माणूस मला विचारल्याशिवाय रुमाल विकत घेत नाही, तो परस्पर इथं येऊन..." पुढचं तिला बोलवेना.

बावीस वर्षांत मी बायकोला असं अडखळताना ऐकलं नव्हतं. फरशीवरच्या एका तड्याकडे बघत मी ते ऐकलं आणि सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. ताठा, चटई, गॅलरी, कार्ड, चार वेळा घातलेली शर्टाची घडी. मला इतकी भीती कमरेत आवाज झाला तेव्हाही वाटली नव्हती. उठायला गेलो तर कमरेवरून पिशवी घसरू लागली आणि डगला तिच्यामागोमाग निघाला. मी जागच्या जागीच हाक मारली, पण तोंड भोकात असल्यामुळं आवाज खाली गेला आणि फरशीवरून बाहेर आला.

"अगं. मी इथं आहे."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कुठं?" बायकोनं विचारलं.

"पलंगात."

पडदा सरकला. मला फक्त तिच्या चपला दिसल्या. त्या माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"अहो, हे काय?"

"पाठ," मी म्हणालो. "पाठ धरलीय. कपाट सरकवताना."

"आणि ॲडजस्टमेंट?"

"मणक्यांची," मागून मणकेबाई म्हणाल्या. "जागचे हललेत ते जागेवर आणायचे."

"आणि मोकळं करणं?"

"सांधे मोकळे करायचे. आणि ताठा तुम्हाला नाहीच का मग?"

"मला नाही हो. ह्यांना."

चपला हलल्या. मग माझी बायको चक्क फरशीवर बसली, वाकली आणि पलंगाखाली डोकं घालून खालून माझ्याकडे बघू लागली. तिचा चेहरा माझ्या तोंडाखाली बरोबर वीतभर अंतरावर होता. डोळे सुजले होते.

"फक्त पाठ?" तिनं विचारलं.

"फक्त पाठ. आणि थोडी कंबर."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि पलंगाखालीच पदरानं डोळे पुसत बसली. मी तिची माफी मागितली. तुझ्या भावापुढं कमी दिसायचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही, असं सगळं खरं सांगून टाकलं. मला सोडून कुठं जायचं ठिकाणच नाही, जायची इच्छा तर त्याहून नाही, हेही सांगितलं. भोकातून सांगितल्यामुळं असेल, पण इतकं सरळ मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो. "पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही कपाटापायी मला रडवलंत होय?" त्या रागावण्यानं मला केवढं बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. मागचे आठ दिवस मिळालेल्या शांतपणापेक्षा ते रागावणं शंभर पटींनी गोड होतं.

मणकेबाईंनी पिशवी काढली, बायकोला बाजूला उभं केलं आणि मला श्वास सोडायला सांगितला. 'कट्' झालं. बायकोनं डोळे मोठे केले.

"हा ह्यांचा आवाज?"

"हो."

"अजून एकदा करता येईल का?" तिनं विचारलं. मणकेबाईंनी अजून एकदा केलं. बायकोच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण समाधान दिसलं. मग घरी कुठला व्यायाम कसा करून घ्यायचा, उशी किती जाड हवी, ऑफिसात फोन कुठल्या कानाला लावायचा, हे बाईंनी तिला समजावून सांगितलं. तिनं ते मन लावून ऐकलं. मी बाजूला नाड्या बांधत उभा होतो. माझ्याबद्दल दोन बायका इतक्या जिव्हाळ्यानं बोलत असताना आपण मध्ये बोलू नये, एवढं मला समजतं.

परतताना आम्ही बसस्टॉपवर शेजारी शेजारी बसलो. मी कमरेवर हात न ठेवता बसलो होतो. तिनं मागून माझी कॉलर नीट केली, मी मान वळवली, आणि मान वळली. आम्ही दोघंही त्यावर उगाचच हसलो. माझं मन इतकं हलकं झालं होतं की मला जरा लाडात यावंसं वाटलं.

"तू बाईंना म्हणालीस, लिहून आणलंय," मी म्हणालो. "काय लिहिलंयस? बघू तरी." माझ्यासाठी ती काय काय ॲडजस्ट करायला तयार झाली होती ते मला तिच्या अक्षरात वाचायचं होतं. तशी चिठ्ठी मला लग्नानंतर कुणी लिहिलेली नाही.

"राहू द्या हो. आता काय त्याचं?"

"दे ना."

तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. कागदाच्या मधोमध रेघ होती. डावीकडे वर 'मी' लिहिलं होतं आणि खाली एकच ओळ होती, 'घोरण्याबद्दल बोलणार नाही.' तीही पेन्सिलीनं खोडलेली होती. उजवीकडे वर 'हे' होतं. तिथं आकडे घालून मुद्दे लिहिले होते आणि ते खाली जागा न पुरल्यामुळं मागच्या बाजूला गेले होते. ओल्या टॉवेलचा मुद्दा पहिला होता. पंधरावा होता, 'घरात काही सांगितले की ऑफिससारखे "नोंद घेतली" म्हणू नये.'

मी तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. "बरं," मी म्हणालो. "नोंद घेतली."

तिनं पर्समधून पेन्सिल काढली, पंधराव्या मुद्द्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद पुन्हा माझ्या हातात ठेवला.

मणकेबाईंची माझ्यासाठी खास आखलेली योजना ठरल्याप्रमाणं सहा आठवड्यांत पूर्ण झाली, आणि पाठ आता ठणठणीत आहे. बायकोनं खास माझ्यासाठी आखलेली योजनाही चालू आहे. तिच्यात मी अजून पहिल्या मुद्द्यावरच आहे.